चाकांची दोरी

आमच्या घरात एके काळी दोन गोष्टींविषयी एकाच सुरात बोलले जाई. एक अण्णांविषयी, म्हणजे आमच्या वडिलांविषयी, आणि दुसरी अण्णांच्या अँबॅसडर मोटारीविषयी. "आता वय झालं," हे तीन शब्द दोघांनाही सारखेच लागू पडत. मोटार सकाळी सुरू होण्यास कुरकुरली तरी तेच, आणि अण्णांना चष्मा सापडला नाही तरी तेच. हे बोलण्यात आम्ही भावंडे पुढे असू. आई मात्र मोटारीविषयी काय वाटेल ते बोलू देई, अण्णांविषयी बोलू देत नसे.

अण्णा भालकीस वकिली करीत. त्यांचे कायद्याचे शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात झालेले. त्या काळी तेथील शिक्षण उर्दूतून होई. त्यामुळे अण्णांची टिपणे उर्दूत, पत्रे मराठीत, पक्षकारांशी बोलणे बहुधा कानडीत आणि रागावणे तिन्ही भाषांत असे. ज्या बीदर जिल्ह्यात त्यांनी वकिलीची सुरुवात केली, त्याचे १ नोव्हेंबर १९५६ रोजी तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आंध्रात गेले, आणि आम्ही भालकीकर म्हैसूर राज्याचे झालो. अण्णांचे निम्मे पक्षकार एका रात्रीत परराज्यातले झाले. त्याबद्दल त्यांनी कधी हळहळ व्यक्त केल्याचे आम्हांस आठवत नाही. "कोर्ट बदललं, भांडणं तीच आहेत," एवढेच ते म्हणत.

मोटार त्यांनी जुनीच विकत घेतली होती. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून बेतलेली ही अँबॅसडर बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून थेट २०१४ पर्यंत तयार होत होती, हे वाचकांस ठाऊक असेलच. तिच्यात बसून आम्ही मुंजी, लग्ने, तेराव्याची जेवणे आणि माणिकनगरचे उत्सव केले. पाठीमागच्या बाकावर पाच माणसे आणि एक तुरीचे पोते मावत असे. अण्णा तिला 'गाडी' म्हणत, 'मोटार' कधी म्हणत नसत. आणि ती दुसऱ्या कोणी चालविलेली त्यांना खपत नसे.

१९९१ चा पावसाळा आमच्याकडे बराच झाला. समुद्रकाठच्या वाचकांना पावसाचे कौतुक आम्ही काय सांगावे! पण आमच्याकडील पावसाची गंमत निराळी आहे. बीदर शहर ज्या पठारावर वसले आहे, ते तुमच्या कोकण-गोव्यासारखेच जांभ्याचे. तेथील किल्ल्यात लागलेला तांबडा चिरा पाहून एखाद्या गोवेकराला घरी आल्यासारखे वाटावे. परंतु पठार उतरून भालकी-हुमनाबादकडे यावे, तो काळी जमीन सुरू होते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आक्रसते. तिच्या पाठीवर घातलेली डांबरी सडक मग तिच्याबरोबर फुगते, खचते, कडेने मोडते. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास रस्त्यांचे खड्डे इतके झाले होते की, खड्ड्यांच्या मधून रस्ता शोधीत जावे लागे. अशाच एका खड्ड्यात गाडी मागच्या उजव्या चाकावर जबरदस्त आदळली. अण्णा खाली उतरले, चाकाभोवती फिरले, टायर फुटलेले नाही असे पाहून पुन्हा बसले आणि घरी आले. त्या दिवसापासून त्यांची तक्रार सुरू झाली : "गाडी डावीकडे ओढते."

स्टेअरिंग सरळ धरले की गाडी डाव्या अंगाला जाई; गाडी सरळ न्यायची तर स्टेअरिंग थोडे उजवीकडे फिरवून तसेच धरून ठेवावे लागे. दिवाळीनंतर आमचे धाकटे बंधू ती एका मोठ्या शहरात घेऊन गेले. तेथे यंत्रावर पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून मिळत असे. परत आले ते हातात एक छापील कागद घेऊन. त्यावर आकडे होते आणि शिक्का होता. स्टेअरिंगही आता सरळ दिसत होते.

अण्णांनी गाडी बसस्थानकापर्यंत नेऊन आणली आणि म्हणाले, "बरी नाही झाली. आता ओढत नाही, पण हातात बसत नाही. चुळबुळ करते."

आम्ही त्यांना तो कागद दाखविला.

आज हे लिहिताना त्या कागदाचा आम्हांस जितका संताप येतो, तितकाच आमचा स्वतःचाही येतो. ज्या माणसाने आयुष्यभर न्यायालयात कागदांची उलटतपासणी केली, त्याला आम्ही एक कागद दाखवून गप्प केले. अण्णांनी तो वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. पुढे दोन महिन्यांत पुढची टायरे खाल्ली गेल्याचे दिसू लागले. त्यावर आमच्या धाकट्या बंधूंचे मत असे की, अण्णा गाडी रस्त्याच्या कडेला घासत नेतात, त्यांना आता डाव्या बाजूचा अंदाज राहिला नाही. आम्ही त्यास दुजोरा दिला. आमची स्वतःची नोकरी शाळामास्तराची. चाकाविषयी आमचे ज्ञान वर्तुळाच्या परिघापलीकडे कधी गेले नव्हते. परंतु वडिलांविषयी मत देण्यास मुलांना ज्ञानाची गरज कोठे असते?

जानेवारी १९९२ मध्ये अण्णा व आई कलबुर्गीस आमच्या बहिणीकडे निघाली. तेव्हा त्या शहराचे सरकारी नाव गुलबर्गा होते. २०१४ पासून कलबुर्गी झाले. आमच्या घरात मात्र दोन्ही नावे पूर्वीपासून आलटूनपालटून चालत. हुमनाबादेहून साठेक किलोमीटरचा रस्ता. कमलापूरच्या अलीकडे, जेथे तांबड्या केळ्यांचे घड टांगलेली दुकाने लागतात, तेथे एक म्हैस आडवी आली. अण्णांनी ब्रेक दाबला. ब्रेक दाबताच गाडी डावीकडे झेपावली आणि पुलाच्या कठड्याला थटली. म्हैस बचावली, आईच्या कपाळाला खोक पडली, दिवा फुटला. खोक लहान होती. पण रक्त भरलेला पदर घेऊन आई बहिणीच्या दारात उतरली, ते दृश्य बहिणीच्या पत्रातून भालकीस पोचले, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही दोघा भावांनी अण्णांसमोर बसून त्यांच्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली.

अण्णा एवढेच म्हणाले, "मी हात सोडला नव्हता."

त्यांनी किल्ली खिशातून काढून आमच्या हातात न देता मेजावर ठेवली. आम्ही ती उचलली आणि माजघरातील खिळ्याला अडकविली. त्या दिवसापासून अण्णा कोर्टात पायी जाऊ लागले.

एप्रिलमध्ये काही कामानिमित्त आम्ही स्वतःच गाडी घेऊन हुमनाबादेस गेलो. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा हमरस्ता, त्या वेळचा राष्ट्रीय महामार्ग ९ व आताचा ६५, तेथून जातो. बीदर आणि कलबुर्गीचे रस्ते त्याला तेथे येऊन मिळतात. जेथे चार दिशांचे ट्रक थांबतात तेथे चार प्रकारचे मिस्त्री असावयाचेच. एका चहाच्या दुकानासमोर आम्ही गाडी उभी केली, तो मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून आम्हांस म्हणाला, "साब, तुमच्या गाडीचं नाक एकीकडं आणि शेपूट एकीकडं. दहा मैल मागनं बघतोय. खेकड्यावानी चाललीय." आणि त्यानेच पलीकडच्या लिंबाकडे बोट दाखविले.

त्या लिंबाखाली एक उस्ताद बसत. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. सगळे त्यांना उस्तादच म्हणत. अंगात बिनबाह्यांची बंडी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणे अस्सल दखनी. त्यांच्याकडे यंत्र नव्हते. लिंबाच्या सावलीत शहाबादी फरश्या एकीला एक जोडून मोटार उभी राहील एवढा चौथरा केलेला होता, आणि तो पाणसळ लावून सपाट केलेला होता. पुढे आमच्या लक्षात आले की, त्यांच्या साऱ्या विद्येचा पाया तो चौथरा होता. जमीन एका अंगाला कललेली असेल तर गाडीचा भार एका चाकावर जास्त जातो, आणि मग कोणतेही माप खोटे येते.

उस्तादांनी प्रथम काहीच केले नाही. पुढच्या टायरावरून तळहात आडवा फिरविला; आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. आमचाही हात धरून तसाच फिरविला. एका दिशेला रबर मऊ लागत होते, उलट दिशेला प्रत्येक नक्षीची कड करवतीच्या दातासारखी बोटांना टोचत होती. मग त्यांनी टायराची आतली कड दाखविली. ती गुळगुळीत झाली होती. बाहेरच्या कडेची नक्षी शाबूत होती.

आम्ही म्हणालो, "वडील गाडी कडेला घासतात."

उस्तादांनी चष्म्यातून आमच्याकडे पाहिले. "कडे कू घसे तो बाहर की बाजू जाती, साब. ये तो अंदर से गया."

शाळेत गणित शिकविणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचू नये, याची लाज त्या क्षणी वाटली. पण खरी लाज अजून पुढेच होती.

उस्तादांच्या कामाची रीत अशी : आधी चारही चाकांतील हवा सारखी करावयाची, कारण एका टायरात हवा कमी असली तरी गाडी त्या अंगाला ओढते आणि लोक उगाच अलाइनमेंटला दोष देतात. मग पुढची चाके एकेक करून जॅकवर उचलायची, वर-खाली आणि आडवी धरून हलवायची, आणि बेअरिंग किंवा टायरॉडचे एंड ढिले नाहीत ना, हे पाहावयाचे. जे मुळात डुलते, त्याचे माप कसले घेणार? गाडी खाली उतरविल्यावर ती ढकलून हातभर पुढेमागे करावयाची, म्हणजे उचलल्यामुळे अखडलेली चाके आपल्या जागी येऊन बसतात. आणि माप घेण्यापूर्वीची शेवटची ढकल नेहमी पुढच्या दिशेने. मागे ढकलून माप घेतलेले त्यांना मुळीच चालत नसे.

मग आली दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, विटांच्या चळतींना बांधून दोन लांब सुती दोऱ्या ताणल्या. दोन्ही दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेला समांतर हव्यात. पुढच्या दोन चाकांतील अंतर आणि मागच्या दोन चाकांतील अंतर पुष्कळ गाड्यांत सारखे नसते. म्हणून चारही चाकांच्या मध्यापासून दोरीचे अंतर मोजून, डावे-उजवे जुळेपर्यंत विटा सरकवीत राहावे लागते. या कामास पाऊण तास लागला. त्यानंतर रिमची पुढची कड दोरीपासून किती लांब आणि मागची कड किती लांब, एवढेच मोजावयाचे. दोन्ही सारखी असली तर चाक सरळ. पुढची कड दोरीपासून जास्त लांब असली तर चाकाचे तोंड आत वळलेले, आणि जवळ असली तर बाहेर वळलेले. रिम स्वतः वाकडी असण्याचा संभव असतो. म्हणून खडूची खूण करून, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून, तीच खूण मागे आली म्हणजे तेथेच पुन्हा मोजावयाचे. कोणा इंजिनिअरने हे त्यांना शिकविले असेल असे वाटत नाही. पण याहून शास्त्रशुद्ध प्रयोग आम्ही आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही पाहिलेला नाही.

पट्टी धरण्यास एक कानडी पोरगा होता. तो चाकाशी ओणवा होऊन आकडा ओरडे : "अरवत्तेरडु!" उस्ताद तो दखनीत म्हणत : "बासठ!" आणि फळीच्या तुकड्यावर लिहिण्याचे काम त्यांनी आमच्याकडे दिले असल्यामुळे आम्ही लिहीत असू : ६२. "अरवत्तैदु!" "पैंसठ!" ६५. एका चाकाचे माप तीन भाषांतून उतरून लाकडावर येत होते, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हते. (सीमेच्या प्रश्नावर बोलणाऱ्या सज्जनांनी एकदा त्या लिंबाखाली बसावे, असे आमच्या मनात येऊन गेले. असो.)

पुढच्या उजव्या चाकाचे तोंड तीन मिलिमीटर बाहेर वळलेले होते. डाव्याचेही तितकेच. तीन मिलिमीटर म्हणजे काय? आम्ही फळीवरच हिशेब मांडला. रिमचा व्यास पंधरा इंच, म्हणजे सुमारे ३८१ मिलिमीटर. ३८१ मध्ये तीन आडवे, तर एक किलोमीटरमध्ये किती? उत्तर आले, जवळजवळ आठ मीटर. म्हणजे प्रत्येक किलोमीटर चालताना प्रत्येक पुढचे टायर आठ मीटर आडवे फरफटते. हुमनाबादेहून कलबुर्गीस पोचेपर्यंत ते जवळजवळ अर्धा किलोमीटर आडवे घासले जाते! टायर कोणी खाल्ले, याचा उलगडा झाला. आणि तोंडे बाहेर वळलेली चाके गाडीला स्थिर राहू देत नाहीत. प्रत्येक उंचवट्यावर कधी हे चाक तिला आपल्याकडे खेचते, कधी ते. अण्णांचा शब्द आठवला : चुळबुळ.

"ये किने तो बी एकीच टायरॉड घुमाया," उस्ताद खाली वाकून म्हणाले. उजव्या टायरॉडच्या चेकनटावर पान्ह्याचे ताजे ओरखडे होते. डाव्याच्या नटावर वर्षानुवर्षांचा चिखल तसाच होता. नियम असा की, टायरॉड दोन्ही बाजूंच्या सारख्याच फिरवाव्या. शहरातील त्या कारागिराने स्टेअरिंग तेवढे सरळ दिसावे, एवढ्यापुरते एक बाजू फिरवून दिली होती. पण मुळात स्टेअरिंग वाकडे का झाले होते?

हा प्रश्न उस्तादांनी आम्हांस विचारला नाही. त्यांनी तो दोरीला विचारला. पुढची चाके सोडून ते मागे गेले. मागची चाके वळत नाहीत, ती एका अखंड आसाच्या दोन टोकांना असतात. ती मोजण्याचे कारणच काय, असे आम्हांस वाटले. शहरातील यंत्रालाही तसेच वाटले असावे, कारण ते पुढचीच चाके मोजीत असे. पोरगा ओरडू लागला, आणि आम्ही लिहीत गेलो. मागच्या उजव्या चाकाने पाच-सहा मिलिमीटर बाहेर तोंड केले होते. डाव्याने नेमके तितकेच आत. म्हणजे सगळा आसच तिरपा झाला होता. उस्तादांनी दोरीचा एक तुकडा घेऊन पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर डाव्या बाजूस घेतले आणि तोच तुकडा उजव्या बाजूस लावला. उजवीकडे तो अंगठ्याएवढा कमी पडला.

"पिछला हिल को गया, साब," ते म्हणाले. "अगला बेचारा क्या करना?"

गाडीखाली शिरल्यावर कारण सापडले. मागच्या उजव्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला होता. कमानीसारख्या वाकविलेल्या पाट्यांची चळत मधोमध या एका बोल्टने बांधलेली असते, आणि त्याचे डोके आसाच्या बैठकीतील भोकात बसते. त्यामुळे आस पुढेमागे सरकू शकत नाही. तो तुटला, म्हणजे आसाला धरून ठेवावयास फक्त यू-बोल्टांची पकड उरते. दसऱ्याच्या त्या खड्ड्याने बोल्ट तोडला होता, आणि आसाचे उजवे टोक हळूहळू मागे सरकत होते. मागची चाके उजवीकडे पाहू लागली, म्हणजे गाडीचे बूड उजवीकडे जाते आणि तोंड डावीकडे फिरते. आणि ब्रेक दाबला की? आम्ही श्वास रोखून विचारले. ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो. ढिले झालेले उजवे टोक आणखी मागे जाते. गाडी आणखी डावीकडे झेपावते.

कमलापूरचा कठडा आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

उस्तादांना आम्ही ती हकीकत सांगितली नव्हती. ते पाट्याजवळून बाहेर सरकत, बंडीला हात पुसत, सहज म्हणाले, "कौन चलाते ये गाडी?" आम्ही सांगितले, वडील, सत्तर वर्षांचे आहेत. "कित्ते दिन चलाए ऐसी?" चार महिने. उस्तादांनी मान हलविली. "उनके हाथां में बहोत दम है, साब. दुसरा कोई रहता तो पलटी मारता था."

येथे आमची कथा एका अर्थी संपली. पण ज्या वाचकांना चाकांची गोष्ट अर्धवट सोडणे आवडणार नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चार चाकांच्या गाडीला वळविणे ही फार जुनी अडचण आहे. आमच्या आजोबांच्या बैलगाडीला ती नव्हती. तिला दोनच चाके, आणि वळण्याचे काम बैलांचे. चार चाकांच्या घोडागाडीचा पुढचा अख्खा आस मधल्या खिळ्यावर फिरवीत असत, आणि अरुंद वळणावर ती कलंडत असे. म्यूनिकचा गाड्या बांधणारा लांकेन्स्पेर्गर याने दोन्ही पुढची चाके आपापल्या खुंट्यांवर निरनिराळी वळविण्याची युक्ती काढली, आणि १८१८ साली लंडनमध्ये तिचे पेटंट त्याच्या वतीने रुडोल्फ आकरमन याने घेतले. हा आकरमन चित्रे व छापील पुस्तके विकणारा. आज जगातील बहुतेक मोटारी ज्या रचनेने वळतात, तिला त्या पुस्तकविक्याचे नाव आहे, आणि लांकेन्स्पेर्गरला कोणी ओळखीत नाही. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात फिरते, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे. ही त्या युक्तीची किल्ली.

सरळ रस्त्यावर मात्र दोन्ही चाकांनी समांतर धावावे. मग उस्तादांनी पुढची चाके शेवटी अगदी समांतर का नाही ठेवली, दोन मिलिमीटर आत का वळविली? कारण मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीची पुढची चाके रस्त्याच्या विरोधामुळे बाहेर उघडू पाहतात, आणि सांध्यासांध्यांत थोडी सैल असतेच. उभ्या गाडीत ती किंचित आत पाहत असतील, तरच धावत्या गाडीत सरळ पाहतील. आताच्या पुष्कळ मोटारींत पुढची चाकेच गाडी ओढतात, म्हणून त्यांचे गणित निराळे असते. आणि आता कलबुर्गीत यंत्रेही अशी आली आहेत की, चारही चाकांना परावर्तक लावून कॅमेऱ्याने ती पाहतात, आणि मागचा आस तिरपा असेल तर पडद्यावर लाल आकडा चमकतो. त्या यंत्रापुढे अण्णांची गाडी उभी केली असती तर तिचा दोष पाच मिनिटांत सापडला असता. जुने ते सोने म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. एवढेच म्हणतो की, १९९२ साली त्या दोरीने जे पाहिले, ते कागदाने पाहिले नव्हते.

नवा बोल्ट बसविला, आस जागेवर आणला, यू-बोल्ट आवळले, पुन्हा दोऱ्या ताणल्या, आणि दोन्ही टायरॉड सारख्या फिरवून चेकनट घट्ट केले, तोवर दिवस मावळला. उस्तादांनी मागितलेले पैसे इतके थोडे होते की आम्ही पुन्हा विचारले. परतताना गाडी हातात अशी बसली होती की, ती आहे हेही जाणवू नये. तीस-पस्तीस किलोमीटरच्या त्या वाटेवर आम्ही एकच गोष्ट घोकीत होतो : अण्णांना कसे सांगावे?

क्षमा मागण्याची रीत आमच्या घरात नव्हती. मुलांनी वडिलांची मागावी असे प्रसंग येत. पण तेव्हा पाया पडून भागत असे, शब्द लागत नसत. आम्ही जेवायला बसल्यावर सर्व हकीकत सांगितली. दोरी, आकडे, तिरपा आस, बोल्ट. तो तुटलेला बोल्ट आम्ही खिशातून काढून अण्णांच्या पानाशेजारी ठेवला. फक्त हातांत दम असल्याचे उस्तादांचे वाक्य आमच्या तोंडून निघेना. ते आम्ही शेवटी आईला स्वयंपाकघरात सांगितले. आई बराच वेळ चुलीकडे पाहत उभी राहिली. मग कपाळावरच्या व्रणाला हात लावून म्हणाली, "मी त्याच दिवशी म्हणाले होते. माझं कोण ऐकतं?"

अण्णांनी बोल्ट उचलून दिव्याजवळ नेला. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग गंजलेला होता आणि निम्मा चकचकीत. "आधीच अर्धा तडकला होता," ते म्हणाले. "खड्डा निमित्त." मग बिल किती झाले ते विचारले आणि ताक मागितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली खिळ्यावरच होती. तिसऱ्या दिवशीही. अण्णा पायीच कोर्टात जात राहिले. ते किल्लीला हात लावीनात आणि आमच्याने ती त्यांच्या हाती देववेना. कारण ती देणे म्हणजे आपण ती काढून घेतली होती, हे पुन्हा बोलून दाखविण्यासारखे होते. असे आठ-दहा दिवस गेले. शेवटी धाकट्या बंधूंनी एक खोटी युक्ती केली. कलबुर्गीच्या बहिणीकडे तातडीने जायचे आहे, आम्हा दोघांनाही शाळा-कचेरी आहे, असे त्यांनी जाहीर केले. अण्णांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. रविवारी कोणती शाळा आणि कोणती कचेरी, हे त्यांनी विचारले नाही. खिळ्यावरून किल्ली काढली आणि आम्हांस म्हणाले, "चल, तू बाजूला बस."

मागे आई बसली. हुमनाबाद मागे पडल्यावर रस्ता बराच सरळ आहे. दोन्ही बाजूंना तूर काढून मोकळी झालेली काळी राने पसरलेली होती, आणि समोरून कोणी येत नव्हते. अण्णांनी गाडी रस्त्याच्या मधोमध घेतली, वेग कमी केला आणि दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले.

"अहो!" आई मागून ओरडली.

गाडी सरळ चालली होती. अण्णा रस्त्याकडे पाहत नव्हते. ते आमच्याकडे पाहत होते. आम्ही मान खाली घातली. मग त्यांनी सावकाश हात पुन्हा स्टेअरिंगवर ठेवले, गाडी डाव्या अंगाला घेतली, आणि यंदा कमलापुरास केळी घ्यायची की परतताना घ्यायची, हे आईला विचारले.